तुम्ही विचारलंत म्हणून: बिनपगारी रजेवर असताना दुसरं काम केलं तर चालतं का?

हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय की आता एकदा नीट लिहूनच टाकते. प्रश्न साधारण असा असतो, "मॅडम, मुलासाठी (किंवा सासूबाईंच्या आजारपणासाठी) बिनपगारी रजा घेतलीय, शाळेकडून एक रुपया येत नाही, मग घरी चार मुलांची शिकवणी घेतली तर कुणाचं काय जातंय?" विचारणाऱ्या बहुतेक झेडपीच्या नाहीतर अनुदानित शाळेतल्या. मीही आईच्या दुखण्यात असाधारण रजेवर (बिनपगारी रजेचं सरकारी नाव) होते, त्यामुळे एक पगार बंद झाला की घरात काय होतं ते मला माहितीय, घराचा हप्ता थांबत नाही आणि मेडिकलवाला उधारी ठेवत नाही.

तर मुद्द्याचं असं की पगार थांबतो, नोकरी थांबत नाही. तुमची जागा तुमच्या नावावर राहते, सेवापुस्तक चालू राहतं आणि त्याच्यासोबत वर्तणुकीचे नियमसुद्धा. सरकारी शाळेत असाल तर 1979 चे वर्तणूक नियम, झेडपीला 1967 चे, खाजगी अनुदानितला 1981 ची सेवाशर्ती नियमावली. शब्द वेगवेगळे आहेत, पण परवानगी न घेता दुसरी नोकरी किंवा धंदा करायचा नाही हे सगळीकडे धरूनच चालायचं. राज्याच्या 1981 च्या रजा नियमांमध्येही, रजेवर असताना दुसरीकडे नोकरी धरायची तर अगोदर मंजुरी घ्या असंच आहे.

आता शिकवणी. सगळ्यात जास्त विचारणा हिचीच आणि नेमकी हीच चालत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्याचं कलम 28 एका ओळीचं आहे, कोणत्याही शिक्षकाने खाजगी शिकवणी करायची नाही. रजेवरच्यांना सूट असं त्यात कुठेही नाही. तो कायदा आठवीपर्यंतचा आहे म्हणून नववी-दहावीला शिकवणाऱ्यांनी मोकळं समजू नका, अनुदानित शाळांच्या शिक्षकांना शासनाची बंदी वेगळी आहेच. आणि मला विचाराल तर हे कलम बरोबर आहे. आज तुमच्याकडे फी भरून बसलेलं पोर उद्या तुम्ही रुजू झाल्यावर तुमच्याच वर्गात असणार, त्याची तोंडी परीक्षा तुम्हीच घेणार, शेजारी बसलेल्या फी न परवडणाऱ्या मुलीला काय वाटेल याचा विचार करा ना.

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षिकेचं सांगते. आईच्या आजारपणाचं कारण देऊन रजा घेतली, कारण खरंच होतं, आई खरंच अंथरुणाला खिळलेली. पण पैसे कमी पडायला लागले म्हणून तालुक्याच्या एका क्लासमध्ये तासिका तत्त्वावर संध्याकाळी शिकवायला लागल्या. क्लासवाल्याने ॲडमिशनच्या सीझनला स्टँडसमोर फ्लेक्स लावला, त्यावर बाईंचा फोटो, खाली नाव आणि त्याखाली शाळेचंही नाव! कुणीतरी तो फोटो काढून थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला आणि कारणे दाखवा नोटीस घरी आली. त्यात शिकवणीपेक्षा रजेच्या कारणावर जास्त प्रश्न होते, आईची सेवा करायला रजा घेतली तर रोज संध्याकाळी तुम्ही बाहेर कशा? याचं उत्तर द्यायला त्यांना फार जड गेलं. म्हणून सांगते, ज्या कारणासाठी रजा मागितलीय त्या कारणाशी तुमचं काम जुळलं पाहिजे, ऑफिस पहिलं तेच बघतं.

मग काय चालतं? वर्तणूक नियमांमध्येच मोकळीक आहे, मानधन न घेता केलेलं सामाजिक काम आणि प्रासंगिक स्वरूपाचं साहित्य, कला, विज्ञानाचं काम. दिवाळी अंकात कथा दिली, कुठे व्याख्यान दिलं, हरकत नाही. यूट्यूब चॅनलचं खूपजणी विचारतात. 1979 च्या नियमात यूट्यूब कुठून असणार, पण दर महिन्याला खात्यात पैसे जमा होत असतील तर त्याला प्रासंगिक म्हणता येणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे, परवानगी मागा. फराळाच्या ऑर्डरी, शिलाई, साड्यांचा ग्रुप हे सगळं धंद्यातच येतं, मग गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) काढा नाहीतर काढू नका.

आणि ते "मिस्टरांच्या नावावर करू" वालं, ते तर डोक्यातून काढूनच टाका. विमा एजन्सी घरच्या माणसाच्या नावावर असली तरी तिच्यासाठी तुम्ही गिऱ्हाईक जमवलंत तर तो नियमभंग धरला जातो, 1979 च्या नियमात तसं लिहिलेलंच आहे. घरातल्या कुणाची एजन्सी किंवा व्यवसाय असेल तर तेही कळवायचं असतं, हे स्टाफरूममध्ये निम्म्या लोकांना माहीत नसतं.

परवानगीचा अर्ज मोठा नको, एक पान पुरे. कोणतं काम, कुणाकडे, आठवड्याला किती तास, किती मोबदला, आणि रजेचं कारण त्याने बाधित होत नाही हे एक वाक्य. मुख्याध्यापकांमार्फतच द्या, तुमच्या कॉपीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या, तोंडी "करा हो, कोण बघतंय" यावर अजिबात विसंबू नका कारण तेच साहेब बदलून गेले की नवीन साहेब कागद मागतात. नाही म्हणाले तर नाहीसुद्धा लेखी घ्या. मला राग येतो तो इथे, महिनोन्‌महिने उत्तरच येत नाही. आजारी माणसाची सेवा करायला बाईने पगार सोडायचा आणि चार पैशांच्या साध्या कामाची परवानगीही टेबलावर पडून राहायची, हे चूक आहे, ठरावीक दिवसांत हो किंवा नाही कळवायचं बंधन ऑफिसवर पाहिजेच.

रजा लांबवताना एवढं बघा, साध्या असाधारण रजेचा काळ वेतनवाढीला धरत नाहीत, वैद्यकीय दाखल्यावरची असेल तर गोष्ट वेगळी. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या पेन्शनसाठी दर महिन्याला पगारातून कपात होते, पगारच निघत नाही म्हणजे ती कपात पण नाही, तेवढे महिने तिथे कोरेच. सलग पाच वर्षांच्या पुढे सहसा कुठलीच रजा मिळत नाही. आणि परत रुजू झालात की क्लार्कना सेवापुस्तक मागून ते पान स्वतः उघडून बघा, रजा मंजुरीचा आदेश आणि परवानगीचं पत्र दोन्हींची नोंद सहीसकट झालीय का. झाली नसेल तर त्याच आठवड्यात अर्ज द्या.