लिटल मॉरटन हॉल: आधी बाहेरून बघा, मग वर चढा

मँचेस्टरकडे राहणाऱ्या किंवा फिरायला आलेल्या मंडळींनी लिटल मॉरटन हॉलसाठी अर्धा दिवस राखून ठेवावाच. चेशर परगण्यात, काँगलटनच्या नैर्ऋत्येला सुमारे ७ किलोमीटरवर, ए-३४ रस्त्यालगत हे घर आहे. गाडी असेल तर उत्तम. रेल्वेनं येणाऱ्यांना किड्सग्रोव्ह स्टेशन सोयीचं, पुढे टॅक्सी करावी.

आत शिरायची घाई करू नका. खंदकाच्या अलीकडे, दक्षिण बाजूला उभं राहून घर निवांत बघा. तुळया वाकलेल्या, खिडक्या तिरक्या, एकही रेघ सरळ नाही. मॉरटन घराण्यानं १५०४ च्या सुमारास बांधायला घेतलेलं हे घर पुढची शंभरेक वर्षं वाढत गेलं. दक्षिणेकडच्या भागावर २१ मीटर लांबीची गॅलरी, म्हणजे एक लांबलचक बंद दालन, चढली. ती मूळ आराखड्यात नसावी. तिच्या छपरावर जड दगडी फरशा. त्या भारानं खालचा ओकचा सांगाडा दबला आणि फुगला. म्हणूनच बाहेरून घर पाहून मग त्या गॅलरीत जायचं. पायाखालची जमीन कुठे चढते, कुठे उतरते ते चालताना कळतं. जिना अरुंद आणि गोल आहे; गुडघे दुखणाऱ्यांनी तळमजला आणि बाग बघावी, तेही पुष्कळ आहे.

भिंती मुळात कुडाच्या, आपल्या कोकणातल्या जुन्या घरांसारख्या काड्या आणि माती लिंपलेल्या. आजचा काळा-पांढरा रंग मात्र एकोणिसाव्या शतकातला. आधी ओक तसाच उघडा असे.

चौकात आलात की मान वर करा. तिथल्या खिडक्यांवर १५५९ साल कोरलंय आणि मालक विल्यम मॉरटनसोबत सुतार रिचर्ड डेलचंही नाव आहे. कारागिराचं नाव इतक्या ठळकपणे मालकाच्या जोडीला बघून मला फार बरं वाटलं. लहान दिवाणखान्यातली भिंतीवरची रंगीत चित्रंही चुकवू नका. ती १९७६ मध्ये भिंतीवरच्या लाकडी फळ्यांच्या आवरणामागे सापडली.

फर्निचर फार थोडं उरलंय, त्यामुळे सजलेल्या दालनांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. १९३८ पासून घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, तिच्या सभासदांना प्रवेश मोफत. ते रोज उघडं नसतं, हिवाळ्यात तर आणखी कमी, तेव्हा निघण्याआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावर वेळा बघून घ्या. वेळ उरला तर जवळच्या माऊ कॉप टेकडीवर जा. तिथून चेशरचं सपाट रान दूरवर दिसतं.