रात्रभर जागून बोललात काय?

मंडळाच्या गणपतीत, सुट्टीत गावी गेल्यावर, घरामागची उंच तार पाहून पाहुण्यांकडून, मला हा प्रश्न हमखास येतो: "रात्रभर ते यंत्र चालू असतं, मग तुम्ही बोलता कुणाशी आणि बोलता काय?" ते यंत्र म्हणजे माझा हॅम रेडिओ, हौशी लोकांचा छंदाचा रेडिओ. विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बोलतो फक्त तीन गोष्टी. माझं कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं माझं ओळखनाव, नकाशावरची माझी चौकट आणि मी किती पॉवरने पाठवतोय. संगणकाच्या हिशेबात ५० बिट. त्यासाठी जवळजवळ दोन मिनिटं लागतात. कधी कधी तेवढ्याचसाठी मी मुद्दाम अर्धा तास घेतो.

लहानपणी जुन्नर तालुक्यात आजोळी असताना असं वेळ घेऊन बोलणं रोज ऐकलेलं आहे. आजोबांना दरीपलीकडच्या वस्तीवर कुणाला बोलवायचं असलं, की ते बांधावर उभे राहून हाळी घालत. "ए म्हादूऽऽऽ" एवढंच, आणि तो शेवटचा 'ऊ' श्वास संपेपर्यंत धरून ठेवत. निरोप सांगत नसत. भरभर बोललेलं वाऱ्यात विरून जातं, ताणून धरलेला एक सूर मात्र पलीकडे पोचतो, कारण ऐकणाऱ्याला तो वाऱ्यातून वेगळा काढायला वेळ मिळतो. आवाज वाढवता येत नसेल तर वेळ वाढवायचा. माझा सगळा छंद या एका गोष्टीवर उभा आहे.

मी वापरतो त्या पद्धतीचं नाव व्हिस्पर. २००८ साली ती ज्यो टेलर यांनी हॅम मंडळींना दिली. हे तेच टेलर, ज्यांना रसेल हल्स यांच्यासोबत १९९३चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९७४ साली सापडलेल्या जोड-पल्सारसाठी. पल्सार म्हणजे ठरावीक ठेक्याने रेडिओ-ठोके देणारा मृत तारा; हा दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीने फिरतो. मला याचं विशेष वाटतं, कारण आजोळापासून खोडद लांब नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हेच काम करतात: गोंगाटात बुडालेली पल्सारची ठकठक धीराने वेगळी काढायची. आकाशासाठी लागणारी ही नजर टेलरनी आमच्यासारख्यांच्या टेबलावर आणून ठेवली. व्हिस्परचा सिग्नल जेमतेम सहा हर्ट्‌झ रुंद असतो. आपण बोलतो त्या अडीच हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यातला सगळा गोंगाट मोजला, तर त्याच्या सहाशेपट क्षीण सिग्नलही वाचता येतो. कानाला तिथे नुसती खरखर असते.

२०२१पासून एफएसटी४डब्ल्यू ही नवी पद्धत आहे. तिच्यात तोच मजकूर दोन मिनिटांऐवजी तीस मिनिटांत पाठवता येतो. पंधरापट वेळ दिला की साधारण पंधरापट क्षीण सिग्नलही सापडतो. हे शॉर्टवेव्हवर सहसा जमत नाही. तिथे लहरी परतवणारं हवेचं वरचं आवरण, आयनोस्फिअर, सतत हलतं आणि इतका बारीक सूर फिसकटून जातो. लांब लहरींचा रस्ता मात्र रात्री बराच स्थिर असतो, म्हणून हा संथपणा तिथेच शोभतो.

मी पेनसिल्व्हेनियात राहतो. अमेरिकेत हॅमना ६३० आणि २२०० मीटर लांब लहरींचे पट्टे २०१७ साली खुले झाले. माझा पट्टा ६३० मीटरचा, म्हणजे ४७२ ते ४७९ किलोहर्ट्‌झ. नीट प्रसारणासाठी त्या लहरीच्या पाव लांबीचा खांब उभारायचा तर जवळजवळ १५८ मीटर उंच लागेल. माझी तार झाडाला धरून पंधरा मीटर चढते आणि तिथून आडवी जाते. एवढी आखूड तार या लहरीला जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तळाशी मोठी कॉइल लागते. मी ती प्लॅस्टिकच्या बादलीवर गुंडाळली आहे. शंभर वॅट घातले की तारेवर दीड हजारावर व्होल्ट चढतात, पण हवेत जातात जेमतेम दीड वॅट. बाकीचे जमीन खाते. म्हणून दोन पावसाळी शनिवार मी अंगणात चर खणून तांब्याच्या तारा पुरत होतो, आणि प्रत्येक नव्या तारेनंतर मीटरचा काटा किती हलला ते वहीत लिहीत होतो. पाऊस पडला की कॉइल पुन्हा जुळवायची, जमीन गोठली की पुन्हा. मला आता घरामागच्या मातीचा स्वभाव कळतो, असं मी मनापासून म्हणू शकतो.

पण पाठवण्यापेक्षा ऐकणं अवघड. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सगळे याच पट्ट्यात किरकिरतात. मी घरातले फ्यूज एकेक बंद करत, हातात छोटा रेडिओ घेऊन, तीन संध्याकाळी फिरलो. सर्वांत मोठा गोंगाट निघाला जिन्याखालच्या जुन्या चार्जरचा. तो काढल्या क्षणी संगणकाच्या पडद्यावर दोन फिकट रेघा, म्हणजे दोन सिग्नल, उमटल्या. त्या कदाचित कितीतरी दिवस तिथेच असतील.

याच पट्ट्याच्या शेजारी ५०० किलोहर्ट्‌झवर जहाजांची संकटाची हाक ऐकली जायची. त्यासाठी दर तासाला दोनदा तीन-तीन मिनिटं साऱ्यांनी गप्प बसायचं असा नियम होता: १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांना. जहाजांच्या रेडिओखोलीतल्या घड्याळावर ते तुकडे लाल रंगवलेले असत. बुडणाऱ्याचा क्षीण आवाज ऐकू यावा म्हणून अख्ख्या समुद्राने शांत राहायचं! माणसांनी केलेल्या नियमांत मला हा फार मोठा वाटतो. १९९९मध्ये उपग्रहांच्या नव्या व्यवस्थेने ती जागा पूर्णपणे घेतली. मी रात्री वर-खाली होणाऱ्या त्या रेघांकडे पाहतो तेव्हा ते लाल तुकडे डोळ्यांसमोर असतात.

उन्हाळ्यात विजांचा कडकडाट सगळं झाकून टाकतो, म्हणून हंगाम हिवाळ्याचा. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा थर या लहरी गिळतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि वाट उघडते. गेल्या जानेवारीत मध्यरात्र उलटल्यावर माझं कॉलसाइन अटलांटिकपलीकडे, ५,७०० किलोमीटरवर उमटलं. फक्त एकदा. त्याआधीच्या अकरा रात्री काहीच नव्हतं. पुढच्या दोन मिनिटांतही काही नव्हतं. ऐकणारा तेव्हा झोपलेला असणार, त्याच्या संगणकाने ऐकलं आणि इंटरनेटवर नोंद केली. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि पत्नीला उठवून दाखवली. तिने विचारलं, "काय म्हणाला तो?"

मी म्हणालो, "ओ दिली."