मधले पाच तास

पुण्याजवळच्या भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत महिन्यातले दोन गुरुवार आमच्या वर्कशॉपचं शटर वर असायचंच. धातूचे भाग कापणारी सात संगणकी मशीनं (पाच सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी), दोन पाळ्या, मिळून चोवीस माणसं, आणि तरीही माल उशिरा. ग्राहकाचा फोन आला की बाबांचं उत्तर ठरलेलं: "ओव्हरटाइम लाव." हे वर्कशॉप त्यांनी घाम गाळून उभं केलंय. जास्त माल हवा तर जास्त तास, हा त्यांचा हिशोब.

माझा हिशोब एका फ्लँजपाशी, म्हणजे जोडणीच्या धातूच्या चकतीपाशी, अडला होता. तिचा सायकल टाइम, म्हणजे एक नग व्हायला लागणारा वेळ, सव्वातीन मिनिटं. दोन पाळ्यांत सोळा तास काम धरलं तर २९५ नग निघायला हवेत. निघत होते जेमतेम दोनशे. म्हणजे रोज पाच तास मशीन उभं होतं, आणि आम्ही सुट्टीच्या दिवशी माणसं बोलावत होतो.

मी मशीनजवळ स्टूल टाकलं आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. पहिल्याच दिवशी चूक कळली. आमचे सेटर काका, म्हणजे प्रत्येक नव्या जॉबसाठी मशीन लावून देणारे, अठरा वर्षं आमच्याकडे आहेत, मी शाळेत असल्यापासून मला ओळखतात. दुपारी ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, मला मोजताय का?" मी मोबाइल खिशात टाकला. त्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशीनला सुतळीनं एक वही बांधली. सगळ्यांना एकच सांगितलं: मशीन थांबलं की किती वाजता आणि कशामुळे, एवढंच लिहायचं. कुणी थांबवलं हे लिहायचं नाही. पहिला आठवडा वह्या कोऱ्याच. मग कुणीतरी सुरुवात केली. 'इन्सर्ट (कापायची पाती) संपले.' 'गेज (माप तपासायचं साधन) ३ नंबरच्या मशीनवर आहे.' 'लाइट गेली.' 'ड्रॉइंग जुनं, नवीन आणायला ऑफिसात.' 'जॉ शोधतोय.' हे शेवटचं वाक्य इतक्या वेळा आलं होतं की मी काकांना विचारलं, हे जॉ, म्हणजे मशीनमध्ये नग पकडणारे जबडे, असतात तरी कुठे?

त्यांनी मला वर्कबेंचखालचं पिंप दाखवलं. त्यात शंभरेक सॉफ्ट जॉ, तेलानं माखलेले, एकावर एक. एकावरही नंबर नाही. जॉब बदलला की काका त्यातून तीन सारखे दिसणारे काढायचे, चकला (नग धरून फिरवणाऱ्या भागाला) लावायचे, रनआउट म्हणजे फिरताना किती डुलतंय ते बघायचे आणि बहुतेक वेळा परत बोअर करायचे, म्हणजे नगाच्या मापाला कोरायचे. म्हणजे तोच जॉब महिन्यातून चारदा आला तर तेच जॉ चारदा बोअर! एका सेटिंगला दोन तास चाळीस मिनिटं लागत होती. काकांनाच सोबत घेऊन आम्ही एक सेटिंग पूर्ण लिहून काढलं. प्रत्यक्ष चकशी आणि टरेटशी (हत्यारं बसवायच्या फिरत्या भागाशी) त्यांचा हात पंचवीस मिनिटंच होता. बाकी सगळं चालणं, शोधणं, वाट बघणं. दोन तास चाळीस मिनिटांत पन्नासेक फ्लँज झाल्या असत्या.

यात मी नवीन काहीच शोधलं नाही. जपानमध्ये अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटात हजार टनी प्रेसचे डाय (साचे) बदलायचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. त्यांची मूळ कल्पना स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही कळेल. कढईत तेल तापल्यावर आपण लसूण सोलायला बसत नाही. मशीन थांबल्यावरच जे करता येतं तेवढंच तेव्हा करायचं. बाकीची तयारी आधीचा जॉब चालू असतानाच उरकायची.

आम्ही भंगारातून एक रॅक आणला. प्रत्येक जॉला जॉबचा नंबर पंच केला. एक ट्रॉली बनवली: वरच्या कप्प्यात जॉ आणि इन्सर्ट, मधल्या कप्प्यात गेज, बाजूला ड्रॉइंग. कप्प्यांची मापं काकांनी पत्र्यावर खडूनं आखून दिली. पुढच्या जॉबची ट्रॉली मशीन चालू असतानाच भरून तयार असते. आज सेटिंग पंचावन्न मिनिटांत होतं. तीन मिनिटं आम्हाला जमणार नाहीत आणि लागतही नाहीत. मी काकांना विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, "कुणी विचारलंच नाही."

खरी अडचण पुढे आली. गुरुवारची कामं बंद झाली तसा ओव्हरटाइमही गेला. कायद्यानं ओव्हरटाइमला दुप्पट दर असतो, आणि आमच्या माणसांचे गाडीचे हप्ते, मुलांच्या फिया त्याच पैशांवर बसवलेल्या. लातूरकडचा एक ऑपरेटर ऑफिसात आला आणि उभ्यानंच म्हणाला, "ताई, माल तेवढाच निघतोय, उलट जास्तच. मग माझ्या हातात कमी का?" त्या रात्री मी आणि बाबा पगारपत्रक घेऊन बसलो. सरासरी ओव्हरटाइमइतकी रक्कम आम्ही मूळ पगारात घातली. बाबा आधी तयार नव्हते. पण वाचलेल्या वेळात आम्ही नवं काम घेतलं होतं, त्याचं बिल त्यांच्यासमोर ठेवलं. हे केलं नसतं तर वहीत पुन्हा कुणी खरं लिहिलं नसतं, याची मला खात्री आहे.

म्हणून तासांची चर्चा सुरू झाली की माझा जीव वरखाली होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांत दिवसाला ९ ऐवजी १२ तासांपर्यंत कामाला आणि तिमाहीत ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. जर्मनीतला कामगार वर्षाला सरासरी १,३५० तासांच्या आतच काम करतो, आणि आमच्या धंद्यातली उत्तम मशीनं तिथून येतात. बाराव्या तासाला माणूस मायक्रोमीटर कसा वाचतो ते मी पाहिलंय. त्या तासाचा रिजेक्शनचा ढीग मी स्वतः मोजलाय.

त्या लातूरच्या ऑपरेटरची गावाकडे तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, तिच्यावर दोन भाऊ राबतात. २०२३-२४ मध्ये देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी शेतीत होते आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. तो तिथून उठून इथे आला, लाखो रुपयांच्या मशीनवर हात बसवला, आणि आम्ही त्याला रोज पाच तास जॉ शोधायला लावत होतो. देशाची उत्पादकता म्हणून जे काही मोजतात, ती माझ्या शेडमध्ये त्या पिंपात पडली होती.

सगळं फाटकाच्या आत सुटत नाही. व्होल्टेज जरा पडलं की मशीन ट्रिप होतं आणि कटमध्ये असलेला इन्सर्ट जातो. चाकणला माल घेऊन गेलेला टेम्पो ट्रॅफिकमध्ये अडकला की ड्रायव्हरची अर्धी पाळी रस्त्यावर जाते. ते माझ्या हातात नाही.

वह्या अजून मशीनला बांधलेल्या आहेत. परवा सातही वह्या चाळल्या. 'जॉ शोधतोय' महिनाभरात एकदाही नाही. आता सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद आहे 'मटेरियल आलं नाही'. खरेदी मी बघते. उद्या सकाळी आठला आम्हाला कच्चे नग देणाऱ्या फोर्जिंगवाल्यांकडे जाऊन बसणार आहे, आणि वही सोबत नेणार आहे.