आमची वाटचाल : काळाचौकीचे पाटेवाले

आमचं काम पाट्यांचं, म्हणजे गाडीच्या मागच्या चाकांवर वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं. गाडी आली की आमच्याकडे आधी ती काट्यावर चढते. पाना नंतर. नवीन गिऱ्हाईक वैतागतं, "अहो, मागून खाली बसलीय ती, दिसत नाही का?" दिसतं ना. पण किती किलोनं बसलीय ते डोळ्याला दिसत नाही. शेजारच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा काटा आम्ही पहिल्या दिवसापासून वापरतो. मागचं एक चाक काट्यावर, दुसऱ्याखाली तेवढ्याच उंचीची फळी, मग उलट. एकदा रिकामी गाडी, एकदा रोजचा माल भरून. चार आकडे वहीत. या वह्या १९९४ पासूनच्या आहेत, मधली साडेतीन वर्षं सोडून. ती का नाहीत ते सांगण्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

सुरुवातीला आम्ही दोघं भागीदार. त्याचं तोंड चालायचं, माझा हात. तिसरे आमचे मेस्त्री, संगमेश्वरकडचे लोहार. पगार त्यांना आधी, आम्हाला उरला तर. एक ऐरण, दोन घण, चेन-कप्पी आणि डोक्यावर गळका पत्रा. तेव्हा कामाच्या गाड्या म्हणजे मॅटॅडोर, टाटाची ४०७ आणि मारुतीची व्हॅन. व्हॅन १९८४ साली आली, नंतर तिचं ओम्नी झालं, २०१९ ला कंपनीनं बंद केली. पण मुंबईच्या गल्ल्यांतून ती अजून गेलेली नाही. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन ड्रायव्हरच्या बुडाखाली. मे महिन्यात ज्यानं ती भायखळ्याच्या सिग्नलला उभी केलीय त्याला सांगायला नको.

मेस्त्रींनी पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली. "पाट्याला लाल केलंस तर पाटा मेला रे." बसलेला पाटा भट्टीत तापवून वाकवणं सोपं असतं, म्हणून बरेच जण तेच करतात. पण त्यात पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं. पुन्हा तेलात विझवून, बेतानं तापवून ते चढवायची सोय कुठल्या गल्लीत आहे? अशी गाडी दोन महिन्यांत परत बसते आणि दोष रस्त्याला. आमच्याकडे कमान थंड पाट्यालाच देतात. घणाचा घाव मधून टोकाकडे, सारख्या अंतरानं, आणि दर दहा घावांनी पाटा फर्म्यावर.

फर्मा म्हणजे प्लायवूडची फळी, एका बाजूनं पाट्याच्या कमानीत कापलेली. प्रत्येक मॉडेलचा वेगळा. नव्या गाडीचे पाटे उतरवून, त्यांची कमान कागदावर उतरून, मेस्त्री आणि मी रात्री बसून हे कापले. एकतीस फर्मे झाले होते. कडेला मेस्त्रींच्या हातची खूण: डावीकडे एक रेघ, उजवीकडे दोन. कारण ड्रायव्हरची बाजू मालाशिवायही थोडी जास्त वजन घेते, हे काट्यानं शिकवलं होतं.

पुढची दहा-अकरा वर्षं धंदा झाला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा गाळ्यात मांडीभर पाणी होतं. त्यावर सगळे लिहितात. खरं सांगायचं तर त्या पाण्यानं आम्हाला काम दिलं. गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे पुढचं वर्षभर येत होते. आम्हाला बुडवलं ते पाण्यानं नाही.

२००८ साली मी गणपतीला दहा दिवस गावी गेलो. इकडे भागीदारानं एका लॉन्ड्रीवाल्या कंपनीच्या सहा ओम्नी घेतल्या. हॉटेलच्या ओल्या चादरींचा माल, गाड्या मागून टेकत होत्या. त्यानं वजन केलं नाही, फर्मा लावला नाही. बाजारातून जाड पाटे आणले, वर एकेक हेल्पर पाटा, म्हणजे जादा पाटा, ठोकला, शॉकअप जुनेच ठेवले आणि गाड्या उंच उभ्या करून दिल्या. मालक खूश. फोटोत छानच दिसत होत्या.

आता हिशोब बघा. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी सात घातला तर तो एक षष्ठांशानं नाही, जवळजवळ साठ टक्क्यांनी कडक होतो. पाटा दबला नाही तर खड्ड्याचा दणका जाणार कुठे? ओम्नीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नाही, पाट्याचे ब्रॅकेट बॉडीच्याच तळाला आहेत. तीन महिन्यांत पहिल्या गाडीचा ब्रॅकेट जोडावर फाटला, मग दुसरीचा. चौथ्या गाडीच्या शॉकअपची वरची बैठकच निघून हातात आली.

कंपनीनं पैसे अडवले आणि वर नुकसानभरपाई मागितली. त्या आठवड्यात भागीदार म्हणाला, "तू बघून घे, मला घरी प्रॉब्लेम आहे." सोमवारी गाळा उघडला तर साडेतीन वर्षांच्या वह्या नव्हत्या, भट्टीचा ब्लोअर नव्हता, आणि भिंतीवर एकतीस खिळे होते. नुसते खिळे. महिन्याभरात दोन गल्ल्या सोडून बोर्ड लागला, 'स्पेशल सस्पेन्शन, पंधरा वर्षांचा अनुभव'. पंधरातली चौदा माझ्याबरोबरची आणि त्याची गिऱ्हाइकं तर त्याच वह्यांतली. मी पोलिसांत गेलो नाही. लोक अजून विचारतात का नाही गेलास. फळ्यांची काय किंमत लिहून देणार होतो?

सहाही गाड्या मी माझ्या खर्चानं उतरवल्या. ब्रॅकेटला आतून पट्ट्या मारून वेल्डिंग, मापाचे पाटे, नवे शॉकअप. पतपेढीचं कर्ज चार वर्षं फेडलं. गल्लीत नाव मात्र माझंच झालं, "त्यांच्याकडे गाड्या फाटतात" म्हणून. मेस्त्रींनी त्या वर्षी पगार घेतला नाही. मी विचारलं तर म्हणाले, फर्मे आधी कापू, पगाराचं बघू. तेव्हा त्यांच्या डोळ्याला मोतीबिंदू होता. ते बोटानं कमान चाचपायचे आणि मी करवत चालवायचो.

अशात जून २००९ मध्ये काकू आल्या. त्यांचा दरवर्षी दादरला गणपतीच्या मूर्तींचा स्टॉल असतो. पेणहून शाडूच्या मूर्ती स्वतः ओम्नी चालवत आणतात. त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली, सोडली आणि मूर्तीचा एक हात टेबलावर ठेवला. मोदकासकट.

"हे बघ तुझं सस्पेन्शन. सहा मूर्ती गेल्या. तडा गेलेली मूर्ती कोण नेणार घरात?"

वर्षभरापूर्वी त्यांच्या गाडीलाही भागीदारानं हेल्पर पाटा घातला होता. पावतीवर आमचं नाव. मी म्हटलं, "काकू, तो आता इथे नाही." त्या म्हणाल्या, "मग तू तर आहेस ना?"

काट्यानं सांगितलं की मूर्ती भरल्यावरही त्यांच्या गाडीत चादरींच्या निम्मंसुद्धा वजन नसतं. तिला ताकद नको होती, मऊपणा हवा होता. जाड पाटा काढला. बाकीचे सुटे करून तारेच्या ब्रशनं गंज काढला, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि मग बारीक खड्ड्याला आख्खा गठ्ठा एका लोखंडाच्या तुकड्यासारखा वागतो. टोकांच्या कडा ग्राइंडरनं गोल केल्या, मध्ये नायलॉनच्या चकत्या, ग्रॅफाइटचं ग्रीस. बुश, म्हणजे पाट्याच्या डोळ्यातली रबरी नळी, नवे. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, तिचं वजन पडू देऊन मगच आवळले. जॅकवर लटकलेल्या गाडीचे बुश आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे दहातले आठ मेकॅनिक करत नाहीत, मी पैजेवर सांगतो.

मग काकूंनी पेणहून एक न रंगवलेली, बाद झालेली मूर्ती आणली. ती मागे पेंढ्यात ठेवून शिवडीच्या बंदराकडच्या ट्रकच्या रस्त्यानं आम्ही सात फेऱ्या मारल्या. शॉकअप दोनदा बदलले. मूर्ती अजून गाळ्यात आहे, सोंड-बिंड शाबूत. तेव्हापासून काकूंची गाडी दुसऱ्या हाताला गेलेली नाही आणि त्यांच्या ओळखीनं पेण-हमरापूरकडच्या किती गाड्या आल्या ते वहीत आहे.

आता दोन शब्द सांगतोच. पाट्यांवर जळकं ऑइल मारू नका, बुशचं रबर फुगतं. एका बाजूचा पाटा तुटला तरी जोडी बदला. सीएनजी लावलेला असेल तर टाकीचं वजन माल नसतानाही रोज मागे असतं, ते धरूनच कमान घ्या. आणि इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पेट्रोलपेक्षा लवकर तपासा. ज्या गाडीला मागच्या ब्रेकचा जोर वजनावर ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिची मागची उंची वाढवली तर त्याची दांडी परत सेट करावी लागते, नाहीतर भरलेली गाडी व्हॉल्व्हला रिकामी वाटते. आणि "गाडी ओढत नाही, मोठं इंजिन टाकून द्या" म्हणत येऊ नका. आरसी बुकात एक आणि गाडीत दुसरं, हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. आधी मागची चाकं उचलून हातानं फिरवून बघा. पावसाळ्यानंतर निम्म्या गाड्या ओढत नाहीत त्या ब्रेक धरून राहिलेला असतो म्हणून. ते काम मी अर्ध्या तासात करून देतो.

मेस्त्री २०१६ ला गेले. फर्मे पुन्हा बेचाळीस झालेत, नव्या खुणा माझ्या हातच्या आहेत, तेवढ्या सरळ येत नाहीत. दोन गल्ल्या पलीकडचा बोर्ड अजून आहे, आता पंचवीस वर्षांचा अनुभव लिहिलाय.

काकूंचा मुलगा मारुतीची ईको घ्या म्हणतो. काकू ऐकत नाहीत; पंधरा वर्षं झाल्यावर हरित कर भरून, पासिंग करून ओम्नी परत रस्त्यावर आणली. दरवर्षी पेणची पहिली खेप मीच चालवायची असा त्यांचा नियम आहे. येत्या रविवारी पहाटे निघू. येताना पनवेलला थांबायचं, आधी मागचा दरवाजा उघडून मूर्ती मोजायच्या, मग चहा.