फुकट म्हणजे खोट असणारच की?

बेळगावात टिळकवाडीत माझा प्रोग्रॅमिंगचा क्लास आहे. पोरांना सोडायला येणारे पालक पहिल्या महिन्यात हटकून विचारतात, "सर, तुम्ही शिकवता त्या भाषा, ते सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतंय म्हणे. मग कायतरी खोट असणारच की. पैसे देऊन घेतलेलं का शिकवत नाही?" परवा इथल्या कारखान्यांच्या भागात, उद्यमबागेत, लेथवर काम करणाऱ्या एका वडिलांनी तेच विचारलं. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारं हत्यार. मी ज्यावर शिकलो तो फुकटचा नव्हता, चोरीचा होता. निळ्या पडद्याचा, कुणाच्या तरी सीडीवरून कॉलेजात उतरवून घेतलेला. शेवटच्या वर्षी मी गावच्या दूध डेअरीसाठी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहिला. महिन्याची बेरीज ३२,७६७ च्या पुढे गेली की आकडा उणे व्हायचा. महिनाभर दूध घालून वर शेतकऱ्यांनीच डेअरीला पैसे द्यायचे, असा हिशोब! दोन रात्री मी माझीच बेरीज तपासत बसलो. कारण साधं होतं. तिथला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, १६ बिटांचा; ३२,७६७ हून मोठा आकडा त्यात मावतच नाही. पण सांगणारं कोणी नव्हतं, सोबत पुस्तिका नव्हती आणि आत उघडून बघायची सोय तर नव्हतीच.

पुढे पुण्याला नोकरी लागल्यावर तोच प्रोग्रॅम लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर जीसीसी नावाच्या फुकट कंपायलरने कंपाइल केला. आधी 'कोनिओ डॉट एच' ही जुन्या कंपायलरसोबत येणारी फाइल सापडत नाही म्हणून अडला. ते काढलं तर 'व्हॉइड मेन' या कॉलेजात शिकवलेल्या सुरुवातीच्या ओळीवरून इशारा आला. मग मात्र बेरीज बरोबर आली, कारण इथला इंट मोठा होता. कॉलेजात सी भाषा म्हणून घोकलेलं बरंचसं त्या एका कंपायलरपुरतंच होतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

जीसीसी १९८७ सालचा. त्याआधी कंपायलर बहुधा मशीनच्या कंपनीकडून यायचा आणि मशीन बदललं की भाषेची बोलीही बदलायची. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला तो अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने लिहायची म्हणून, आणि त्यासाठी आधी हत्यारं लागणार होती. उद्यमबागेतल्या माणसाला हे समजावावं लागत नाही. लेथचे भाग करायला लेथच लागतो, तसा जीसीसी स्वतःलाच कंपाइल करतो. त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. अट एकच, बदललेलं वाटताना पुढच्यालाही तीच मोकळीक द्यायची. इंग्रजीत दोन्हीला 'फ्री'च म्हणतात. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं.

ही अट कागदावरच राहिली नाही. स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीने जीसीसीला ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेची जोड दिली आणि ती बंद ठेवायचं बघितलं. अटीपुढे ते चाललं नाही, कोड खुला करावा लागला. पायथन (१९९१) आणि रुबी (१९९५) या एकेका माणसाने सुरू केलेल्या भाषा. त्या जगभर पोचल्या, कारण ज्याला अडलं त्याला स्वतः दुरुस्त करून ते परत पाठवता येत होतं. मग कंपन्याही वळल्या. सन कंपनीने २००६ मध्ये आपली जावा भाषा खुली करायला घेतली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅम बनवायची डॉटनेट ही यंत्रणा, पुढच्याच वर्षी ॲपलने स्विफ्ट भाषा.

आता खोटीचं. खोट असतेच. त्या लेथवाल्यांची मुलगी माझ्याच क्लासात आहे. गेल्या महिन्यात तिने विचारलं, पायथनला यादी क्रमाने लावायला सांगितली की तो आत नेमकं काय करतो? मी खडू हातात घेतलाच नाही. पायथनचाच कोड उघडला आणि त्यातली 'लिस्टसॉर्ट' नावाची फाइल दाखवली. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिलेल्या पद्धतीचं हे टिपण. यादीत आधीपासून क्रमाने लागलेले तुकडे हेरायचे आणि ते एकमेकांत मिसळत जायचं. पुढे जावानेही ती पद्धत उचलली. २०१५ मध्ये काही संशोधक ती बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला बसले, तर सिद्धताच पुरी होईना. हिशोबात एक बारीक चूक निघाली. प्रचंड मोठ्या, मुद्दाम रचलेल्या यादीवर जावाचा प्रोग्रॅम कोसळून दाखवता आला. इतकी वर्षं लाखो लोकांनी वापरलेली वस्तू! पण कोड समोर होता म्हणून बाहेरच्या माणसांना ती चूक सापडली, आणि पायथन-जावा दोन्हीकडे दुरुस्त झाली. माझ्या डेअरीच्या बेरजेच्या वेळी मला नेमकं हेच हवं होतं.

हे सगळं त्या वडिलांना सांगितलं. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "म्हणजे उघडून बघायला देतात म्हणा की. मग तिला ते आतलंच वाचायला शिकवा सर."

सध्या शनिवारी ती आणि मी ती फाइल ओळीओळीने वाचतोय. 'गॅलपिंग', म्हणजे तुकडे मिसळताना मोठ्या उड्या मारत पुढे जायची युक्ती, त्या भागापर्यंत आलोय.