एसक्यूएलअल्केमीला नवा डेटाबेस जोडताना

ड्रायव्हर तयार आहे, पेप २४९ (पायथॉनच्या डेटाबेस ड्रायव्हरचं प्रमाण) पाळतो, कर्सर देतो, क्वेरी चालते. तरीही एसक्यूएलअल्केमी या पायथॉन लायब्ररीतून तो डेटाबेस वापरायचा तर मध्ये डायलेक्ट नावाचा क्लास लागतोच. एसक्यूएल कशी लिहायची, टाइप कसे बदलायचे, ड्रायव्हर काय परत देतो, हे सगळं या क्लासला माहीत असतं. साधी सिलेक्ट क्वेरी लवकर चालू लागते. खरा त्रास नंतरचा: डायलेक्टमधल्या सगळ्यात वाईट चुका एरर देतच नाहीत, चुकीचा डेटा देतात. म्हणून सांगाडा थोडक्यात आणि त्या चुका सविस्तर.

डिफॉल्टडायलेक्टवरून आपला क्लास काढायचा, त्यात नेम आणि ड्रायव्हर भरायचे. गरज पडेल तसे स्टेटमेंट कंपायलर, डीडीएल कंपायलर, टाइप कंपायलर आणि आयडेंटिफायर प्रिपेअरर आपले द्यायचे. ड्रायव्हरचं मॉड्यूल इम्पोर्ट_डीबीएपीआय या क्लासमेथडमधून परत करायचं, २.० च्या आधी तिचं नाव नुसतं डीबीएपीआय होतं. क्रिएट_कनेक्ट_आर्ग्ज यूआरएलमधून कनेक्शनचे आर्ग्युमेंट बनवते. यूआरएलच्या क्वेरी भागातली प्रत्येक किंमत स्ट्रिंग म्हणून येते. टाइमआउट ३० लिहिला तरी हातात ‘३०’ ही स्ट्रिंगच पडते, आणि बऱ्याच ड्रायव्हरना ती चालत नाही. तिथेच इंटिजर करून घ्या.

डायलेक्टची नोंदणी एसक्यूएलअल्केमी.डायलेक्ट्स या एंट्री पॉइंट (पॅकेज आपली प्लगइन जिथे जाहीर करतं ती नोंद) गटात. तिथे नाव टाकलं तरी ‘प्लगइन लोड होत नाही’ असं येत असेल, तर पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करा. एंट्री पॉइंट इन्स्टॉलच्या वेळी लिहिले जातात. एडिटेबल मोडमध्येही ते आपोआप बदलत नाहीत.

आता कॅश. १.४ पासून कंपाइल झालेली एसक्यूएल इंजिनच्या कॅशमध्ये राहते, डिफॉल्ट आकार ५००. क्वेरीची रचना तीच असेल तर आधीचीच स्ट्रिंग वापरली जाते, फक्त पॅरामीटर नवे जातात. डायलेक्टने सपोर्ट्स_स्टेटमेंट_कॅश ट्रू म्हटलं तरच हे होतं, आणि ते त्याच क्लासवर लिहिलेलं असावं लागतं. पॅरेंट क्लासवरचं धरत नाहीत. नसेल तर वॉर्निंग येते आणि कॅश बंद राहते. फक्त वेग कमी होतो, उत्तर बरोबरच येतं.

गडबड होते ती वॉर्निंग घालवायला डोळे मिटून ट्रू लिहिल्यावर. जुन्या डायलेक्टमध्ये लिमिट_क्लॉज असं असतं: सिलेक्टवरचा _लिमिट घ्यायचा आणि टक्का-डी वापरून आकडा थेट स्ट्रिंगमध्ये चिकटवायचा. पहिली क्वेरी लिमिट १० ची आली, ‘लिमिट १०’ कॅशमध्ये बसलं. पुढची तशीच क्वेरी लिमिट ५० मागते, आणि ओळी येतात १०. कुठेही एक्सेप्शन नाही. दुरुस्ती एका ओळीची: _लिमिट_क्लॉज घ्या आणि सेल्फ.प्रोसेसला द्या, म्हणजे तिथे बाइंड पॅरामीटर (किंमत नंतर भरायची जागा) येतो. डेटाबेसला लिमिटमध्ये पॅरामीटर चालत नसेल तर त्याच क्लॉजवर रेंडर_लिटरल_एक्झिक्यूट लावा. मग आकडा क्वेरी चालवताना बसतो, कॅशमध्ये फक्त जागा राहते. ट्रू लिहिण्याआधी कंपायलरमध्ये किंमत थेट स्ट्रिंगमध्ये जाते अशी प्रत्येक जागा शोधून काढा.

इन्सर्टनंतरची प्रायमरी की ही दुसरी जागा. डेटाबेसमध्ये रिटर्निंग (इन्सर्टच नव्या ओळीच्या किमती परत देते ती सोय) असेल तर इन्सर्ट_रिटर्निंग ट्रू करा, सगळ्यात भरवशाचं तेच. नसेल तर कर्सरच्या लास्टरोआयडीवर किंवा वेगळ्या क्वेरीवर यावं लागतं, आणि ती क्वेरी नीट निवडावी लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ॲट-ॲट-आयडेंटिटी त्या सेशनमधली शेवटची आयडेंटिटी देतं. टेबलवर ट्रिगर असेल आणि तो ऑडिट टेबलमध्ये ओळ घालत असेल, तर मिळणारा नंबर ऑडिट टेबलचा. ओआरएम (एसक्यूएलअल्केमीचा ओळींना ऑब्जेक्ट बनवणारा भाग) तोच नंबर ऑब्जेक्टला देतं आणि चाइल्ड ओळी भलत्याच पॅरेंटला जोडल्या जातात. स्कोप_आयडेंटिटी यासाठीच आहे.

कनेक्शन तुटलंय का हे एररवरून सांगणारं इज_डिस्कनेक्ट डिफॉल्टमध्ये फॉल्स देतं. तसंच ठेवलं तर मेलेलं कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात) परत जातं. मायएसक्यूएलचा वेट_टाइमआउट डिफॉल्ट २८८०० सेकंद, म्हणजे ८ तास. रात्रभर शांत असलेलं ॲप सकाळच्या पहिल्या रिक्वेस्टला पडतं ते यामुळे. उलट प्रत्येक ऑपरेशनल एररला ट्रू दिलं तर साध्या डेडलॉकवरही पूलमधली सगळी कनेक्शन रद्द होतात. शक्य तिथे एरर कोड तपासा (मायएसक्यूएलचे २००६ आणि २०१३ हे नेहमीचे). मेसेजचा मजकूर व्हर्जनप्रमाणे बदलू शकतो.

हे सगळं हाताने तपासत बसू नका. एसक्यूएलअल्केमी.टेस्टिंग.सूट हा तयार संच थर्ड-पार्टी डायलेक्टसाठीच दिलेला आहे. टेस्ट फाइलमध्ये तो पूर्ण इम्पोर्ट करायचा, सेटअप.सीएफजीमध्ये आपला रिक्वायरमेंट्स क्लास सांगायचा आणि पायटेस्ट चालवायचं. पहिल्या दिवशी ढीगभर टेस्ट पडतील, पडू द्या. रिक्वायरमेंट्समध्ये एखादी गोष्ट क्लोज्ड केली की तिच्या टेस्ट वगळल्या जातात. हा मोह फार मोठा असतो. डेटाबेसला जे जमतच नाही तेवढंच क्लोज्ड करा. जे अजून लिहायचं राहिलंय ते लाल दिसू द्या, नाहीतर सहा महिन्यांनी वापरणाऱ्याला ते प्रॉडक्शनमध्ये सापडेल.

रिफ्लेक्शनच्या (डेटाबेसमधून टेबलांची रचना वाचण्याच्या) मेथडही याच संचात तपासल्या जातात. तरी एक स्वतः बघा: कंपोझिट प्रायमरी कीचे कॉलम कीच्या क्रमाने येतात की टेबलच्या. ओरॅकलसारखा डेटाबेस कोट न केलेली नावं कॅपिटलमध्ये ठेवत असेल तर रिक्वायर्स_नेम_नॉर्मलाइज ट्रू करा.

अलेम्बिक (टेबलांच्या रचनेतले बदल, म्हणजे मायग्रेशन, चालवणारं टूल) वापरणारे लोक येणारच. त्यांच्यासाठी डिफॉल्टइम्प्लवरून एक छोटा क्लास काढून त्यात आपल्या डायलेक्टचं नाव द्यावं लागतं. तो नसेल तर मायग्रेशन सुरू होतानाच कीएरर येते. क्लास रिकामा असला तरी सुरुवातीला चालतो. मग ऑटोजनरेट चालवा, आलेली मायग्रेशन डेटाबेसवर लावा आणि ऑटोजनरेट पुन्हा चालवा. दुसऱ्या वेळी रिकामी मायग्रेशन आली पाहिजे. त्यात तोच कॉलम पुन्हा दिसत असेल, तर गेट_कॉलम्समधून त्याचा टाइप किंवा नलेबल चुकीचा येतोय.