आमची वाटचाल : वाइंडिंगच्या शेडमधून पन्नास मीटर वर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मूळ काम मोटार रिवाइंडिंगचं. शेडच्या पुढच्या भागात ते आजही चालतं. मागच्या भागात केबलला बांधलेले ड्रोन तयार होतात. गर्दीच्या ठिकाणी मोबाईल कंपनीचा रेडिओ, म्हणजे फोनला नेटवर्क देणारं यंत्र, तासन्‌तास हवेत धरून ठेवणं, एवढंच त्यांचं काम.

सुरुवात बॅटरीवरच्या ड्रोननं केली आणि हिशेबातच अडकलो. रेडिओ-अँटेनासह सात किलोचा ड्रोन एका जागी तरंगायला साधारण 1200 वॅट खातो. त्यात रेडिओचे जेमतेम 60. 22.2 व्होल्ट, 22 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 488 वॅट-तास. त्यातले 80 टक्केच वापरायचे, म्हणजे 390. साडेएकोणीस मिनिटांत खाली. नवरात्रात महाद्वार रोडला असलं नेटवर्क कोण चालवून घेईल?

म्हणजे रेडिओची वीज वाचवून हाती काही लागत नाही, कात्री वजनालाच लावावी लागते. वजन 10 टक्के वाढलं की तरंगण्याची वीज सुमारे 15 टक्के वाढते. म्हणून रेडिओची जड ॲल्युमिनियमची पेटी काढली आणि पंख्यांच्याच वाऱ्यावर थंड होईल अशी पातळ फिन्सची पट्टी बसवली. पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे घेतले. हवेचाही हिशेब धरावा लागतो. कोल्हापूरची उंची आणि मे महिन्यातलं 35 अंश तापमान यांमुळे हवा विरळ होते आणि समुद्रसपाटीवरच्या 15 अंशांच्या तुलनेत 7 टक्के जास्त वीज लागते. कॅटलॉगमधला उड्डाणाचा वेळ आपल्याकडे भरत नाही, तो यामुळेही.

खरा फरक केबलनं पडला. जमिनीवरून 400 व्होल्ट डीसी वर पाठवायचा आणि ड्रोनवरच्या कन्व्हर्टरनं उतरवायचा. 1200 वॅटला 400 व्होल्टवर 3 अँपिअर पुरतात. 0.5 चौरस मिलिमीटरची दोन कोरची 60 मीटर केबल घेतली, तर जाता-येता मिळून रोध सुमारे 4.1 ओहम, म्हणजे नुकसान 37 वॅट. हीच वीज 24 व्होल्टवर पाठवायची तर 50 अँपिअर लागले असते आणि त्या तारेतून ते जाणं शक्यच नव्हतं. कन्व्हर्टरचं नुकसान धरून जमिनीवर 1350 वॅटच्या आसपास लागतात, आठ तासांना अकरा युनिट. वाऱ्याच्या झोतात मागणी एकदम वाढते, म्हणून सप्लाय 3 किलोवॅटचा ठेवतो.

बिघाड बहुतेक केबलकडेच होतात. रिळावर गुंडाळलेली उरलेली केबल तापते, म्हणून उंचीला लागेल तेवढीच न्यायची. केबल ओढून धरणाऱ्या विंचचा ताण एक किलोनं वाढवला की ड्रोनवर एक किलो ओझं वाढलंच. फिरत्या रिळातून वीज पुढे नेणाऱ्या स्लिप रिंगचे ब्रश झिजले की व्होल्टेज फडफडतो. हे मात्र वाइंडिंगवाल्याला आवाजावरूनच कळतं. डेटासाठी केबलसोबत फायबर असतं, ते जास्त वळलं की सिग्नल पडतो. सप्लाय गेला तर दोन-तीन मिनिटांत सुखरूप उतरता यावं एवढी बॅटरी वर असलीच पाहिजे. 400 व्होल्ट डीसी जीव घेतो, त्यामुळे इन्सुलेशन तपासल्याशिवाय स्विच लावायचा नाही. आणि वळवाचे ढग दिसले की सगळं खाली.

उंचीचा मोह टाळावा. जास्त वर गेलं की आजूबाजूच्या सगळ्या टॉवरांशी गोंधळ सुरू होतो. 50 मीटरवरून 300 मीटरवरची गर्दी धरायची तर अँटेना साडेनऊ अंश खाली झुकवावी लागते. आम्ही आधी झुकाव ठरवतो, मग उंची.

परवानगीचं थोडक्यात. 2021 च्या ड्रोन नियमांत 2 ते 25 किलोचा ड्रोन 'लहान' वर्गात येतो, त्याला नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र असलेला पायलट लागतो. ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी बघायचा. गोकुळ शिरगाव तर उजळाईवाडी विमानतळाला खेटूनच, तिथं परवानगीशिवाय ड्रोन जमिनीवरून उचलायचाही नाही. रेडिओ मात्र मोबाईल कंपनीचाच आणि तो चालू करणारही तीच. परवान्याविना तिच्या स्पेक्ट्रमवर काही सोडणं गुन्हा आहे.

रात्री गर्दी पांगली की ड्रोन उतरवतो आणि रेडिओ जवळच्या गच्चीवर सहा मीटरच्या पाइपाला लावतो. मग मीटरवर उरते फक्त रेडिओची वीज. चौकशीला येणाऱ्यालाही आधी हेच विचारतो, उंच गच्ची मिळते का? मिळाली तर ड्रोनचं बिल करत नाही, पाइपाचं करतो.